बाळंभटांची वाचा

कार्तिक वद्य ५, शके १८१४. मु. भिसेगाव

बाळंभट पडला. परवा सकाळी कर्जतास आपल्या परसात धोतर पिळत होता. पिळता पिळता उजव्या हातातून धोतर गळाले, मागोमाग तो गळाला. विहिरीच्या अलीकडे पडला म्हणून बातमी एवढ्यावरच राहिली. उजवा हात, उजवा पाय, तोंडाचा उजवा कोपरा, तिन्ही निकामी. वाचाही गेली, पण सगळी नव्हे. दोन शब्द शिल्लक आहेत: "हे बघा."

आज जाऊन आलो. मला पाहून म्हणाला, "हे बघा." मी पाहिले. पाणी हवे, "हे बघा." नाकावर माशी, "हे बघा." समाचाराला आलेली मंडळी दर वेळी माना वळवून कुठे काय दिसते ते शोधीत होती. दुःखाच्या घरात इतके बघणे मी कधी बघितले नाही.

आता मनातले. वाईच्या पाठशाळेत आम्ही दोघे एका गुरूपाशी होतो. परीक्षेच्या दिवशी याचे पोट दुखे आणि पाने मांडली की राही. बरे, दिवाळीआधी याचा धाकटा भाऊ विष्णुपंत लोधिवलीहून दत्तकाचे घेऊन आला होता. बाळंभटास मूल नाही. "दादा, माझा गणू पदरात घे." हा म्हणाला, "दिवाळी होऊ दे, सांगतो." दिवाळी झाली, आणि सांगण्याचे साधनच गेले. योग फारच सोयीचा. असे लिहिणे बरे नव्हे, पण ही वही माझ्यावाचून कोणी वाचत नाही. (घरातून, म्हणजे आमचे कुटुंब, वाचते, असा संशय आहे.)

कार्तिक व. ७

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर अष्टमकर आले होते. जातीने बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, आमच्याच कुलाब्याकडचे. मराठी आमच्या मामलेदारापेक्षा चांगली. त्यांनी बा.च्या (बाळंभट दर वेळी पुरा लिहीत नाही) उजव्या तळपायात टाचणी टोचली. बा. स्वस्थ. डाव्या तळपायात टोचली, तेव्हा त्याने पाय असा झाडला की डॉक्टरांचा चष्मा उडाला.

चष्मा पुसत मला म्हणाले, "सोंग नव्हे, शास्त्रीबुवा."

मी तर बोललोही नव्हतो.

त्यांचे म्हणणे: मेंदूत डाव्या बाजूस शीर तुंबली किंवा फुटली. फ्रान्सात कोणा डॉक्टराने अशाच वाचा गेलेल्या माणसाचा मेंदू, तो मेल्यावर, उघडून पाहिला. डाव्या कपाळामागे जागा नासलेली. बोलणे तिथे वस्तीला असते म्हणे. मी म्हटले, "आमच्या शास्त्रात वाचा नाभीपासून निघते." ते म्हणाले, "निघो की. अडली मात्र कपाळात."

उत्तर आवडले, माणूस आवडत होता, तोच दाराशी हळूच विचारतात, "भटजींचे बरेवाईट झालेच, तर वहिनीबाई कवटी उघडू देतील का हो?" म्हणजे हे औषध द्यायला येतात की वाट पाहायला?

काशी, बा.कडची कामाची कुणबीण, सगळे ऐकत होती. म्हणाली, "टाचनीनं काय व्हनार? म्हाराजांची जीभ कुनी बांधली हाय. लोधिवलीचा नारळ आला व्हता, त्यो म्या फोडलाच नाय. नदीत दिला सोडून." तिची शंका नारळावर, माझी बा.वर, डॉक्टरांची शिरेवर. ज्याची त्याची विद्या.

कार्तिक व. १०

आज मी परीक्षा घेतली. बा.च्या उशाशी बसून पुरुषसूक्ताची पहिली ओळ म्हटली आणि मधेच थांबलो.

त्याने डोळे मिटले. आणि म्हणू लागला. वाकड्या तोंडाने, थुंकी गळते आहे, पण अक्षर न अक्षर, स्वरांसकट, थेट शेवटपर्यंत. वहिनी (बा.चे कुटुंब, राधावहिनी) हातातले तसेच टाकून स्वयंपाकघरातून धावत आल्या.

मी लगेच विचारले, "बाळंभट, यांचे नाव काय?"

"हे बघा."

"सूक्त येते आणि बायकोचे नाव येत नाही?"

वहिनी म्हणाल्या, "माझं नाव यांनी कधी घेतलंय, भावोजी? लग्नात उखाणा घेतला तेवढाच. तोही तुम्ही सांगितलेला."

खरे आहे. पण मी सोडतो होय? तुझे नाव? हे बघा. गाव? हे बघा. हा पळीपंचपात्रातला चमचा, याला काय म्हणतात? बराच वेळ पळीकडे पाहत राहिला, कपाळाला घाम आला, आणि: "हे बघा." तेव्हा मी दुसरे सूक्त सुरू करून दिले. तेही म्हटले.

निष्कर्ष उघड आहे. ज्याचे पाठांतर शाबूत त्याचे मन शाबूत. जीभ हलते, स्मृती आहे, मग उरले काय? इच्छा. ती नाही एवढेच. मी ज्या वर्तमानपत्राचा इकडचा बातमीदार, त्या पत्रासाठी मजकूर रात्रीच लिहून ठेवला: कर्जतचे वे. शा. सं. बाळंभट अर्धांगाने आजारी असले तरी त्यांची बुद्धी पूर्ववत् आहे, हे आमच्या बातमीदाराने स्वतः पडताळून पाहिले, इ.

आमच्या घरातून आजपासून सकाळी मला ब्राह्मीचे तूप सुरू. का, तर चष्मा कपाळावर असताना मी तो शोधीत होतो. याचा बा.शी काय संबंध?

मार्गशीर्ष शु. २

मजकूर छापून आला. आणि त्याचे कात्रण घेऊन विष्णुपंत माझ्याकडे आला. इतका आनंद मला माझ्या लेखनाने कोणाला दिल्याचे आठवत नाही.

"शास्त्रीबुवा, तुम्ही मोठं काम केलंत. मी वकिलांना दाखवलं. दादाचं मन शाबूत, तोंडानं संकल्प म्हणता येतो, चार भले लोक साक्षीला, होम झाला की दत्तक पक्का. मग ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही. दशमीचा मुहूर्त काढलाय. साक्षीदारांत पहिले तुम्ही."

गणू म्हणजे वीस वर्षांचा घोडा. नेरळास तारऑफिसात उमेदवार. मिसरूड फुटलेले मूल मांडीवर घ्यायचे म्हणजे बा.चा दुसराही पाय जायचा.

दुपारी वहिनींनी बोलावणे पाठवले. बसा म्हणाल्या नाहीत.

"भावोजी, काय लिहून बसलात?"

"जे पाहिलं ते."

"दत्तक झालं की लोधिवलीचं बिऱ्हाड इथं येणार. जाऊबाई चूल ताब्यात घेतील, मी कोपऱ्यात. तेही सोसेन, यांनी स्वतःच्या मनानं म्हटलं तर. यांनी म्हटलेलंच नाही. उलट नरकचतुर्दशीला मला म्हणाले, गणू नको."

"कोणापुढे म्हणाला?"

"नवराबायकोत साक्षीदार बसवतात का तुमच्याकडे?"

तसाच परतलो. पण वाटेत शंका चालत होतीच. वहिनींच्या भावाचा नातू चौकास आहे, पाच वर्षांचा, गोरागोमटा. दत्तक म्हणून तो त्यांच्या मनात असल्याचे आमच्या घरातून पूर्वीच कळले आहे. विष्णुपंताला घाई आहे, वहिनींना सवड हवी आहे, आणि ज्याला विचारायचे तो सगळ्यांना बघायला सांगतो आहे.

मार्गशीर्ष शु. ४

डॉक्टरांनी माझे कात्रण वाचले होते. रागावले नाहीत. त्याची भीती जास्त.

म्हणाले, "आमची प्रार्थना ऐकायचीय?" आणि उभे राहून हिब्रू म्हणू लागले, खडाखडा. संपल्यावर मी अर्थ विचारला. "पहिल्या ओळीचा ठाऊक आहे. पुढचं लहानपणी आजोबांनी पाठ करून घेतलं, ते आहे."

मग माझ्यावर उलटले. "पुरुषसूक्ताच्या सहाव्या ऋचेचा तिसरा शब्द सांगा. पहिल्यापासून म्हणायचं नाही. मनातसुद्धा नाही."

मी तोंड उघडले. मिटले. पुन्हा उघडले. चाळीस वर्षे रोज म्हणतो आहे.

"हे असं," डॉक्टर म्हणाले. "सांजेला बैल आपल्या गोठ्यात बरोबर येतो. त्याला पत्ता विचारून पाहा. भटजींचं पाठांतर ही त्या बैलाची वाट आहे. सुरुवात कुणी करून दिली की शेवटास जाणार. आपल्या मनातला एक शब्द काढून पुढे ठेवणं हे निराळं काम, आणि त्याचीच जागा गेली आहे."

"म्हणजे कळत नाही त्याला?"

"ते मी म्हटलं नाही. बोलण्यावरून कळण्याची परीक्षा करू नका, एवढंच म्हटलं."

आम्हा पाठशाळेतल्या लोकांना दुसरी परीक्षा शिकवलीच कुणी? ज्याला येते तो म्हणतो, जो म्हणतो त्याला येते. या एका मापाने सगळे आयुष्य मोजले, आणि त्याच मापाने बा.लाही मोजून छापून मोकळा झालो.

घरी येऊन सहावी ऋचा म्हटली. तिसरा शब्द मोजून काढला. थोड्या वेळाने डाव्या करंगळीला मुंग्या आल्या. हातावर डोके टेकून बसलो होतो म्हणून असेल. ब्राह्मीचे तूप दोन चमचे घेतले.

मार्गशीर्ष शु. ७

विष्णुपंताने संकल्पाची तालीम ठेवली होती. नाटकाला असते, तशी. खालापूरचा याज्ञिक आणला आहे. त्याने सुरुवात करून दिली, बा. देशकाल उच्चारीत निघाला, वर्ष आले, अयन आले, ऋतू आला, आणि महिना? कार्तिक. पक्ष कृष्ण. बरोबर ज्या दिवशी पडला तीच तिथी.

रोज उठून ज्याने पंचांग पाहून संकल्प सांगितला, तो माणूस महिना चुकतो? तिथीत तो चुकत नाही. तिथी त्याच्यापुरती तिथेच थांबली आहे.

मी विष्णुपंताला दाखवले. तो म्हणाला, "एवढं काय, शास्त्रीबुवा! आम्ही गृहस्थ माणसं रोजच तिथी चुकतो. याज्ञिक मागून दुरुस्त करतील."

"करू की," याज्ञिक म्हणाला. दक्षिणा ठरलेली दिसते.

दत्तविधान संपेपर्यंत बा. थांबला नाही. शेवटी "हे बघा" म्हणून डोळे पुसले. ते अश्रू होते की वाकड्या तोंडाबरोबर डोळाही गळतो, ते डॉक्टरांना विचारायचे राहिले.

मार्गशीर्ष शु. १०

झाले ते लिहितो. बरे झाले की वाईट ते कळत नाही.

ओटीवर मंडळी भरली. होमाची तयारी. गणू न्हाऊन पाटावर, गुडघे कानाशी. बा.ला दोन तक्क्यांमध्ये बसवलेला. मागे दाराआड वहिनी. कोपऱ्यात अष्टमकर, टोपी मांडीवर.

माझा निष्कर्ष चुकला, असे काल विष्णुपंताला सांगून पाहिले होते. वकिलाला सांगतो म्हटले, तर तो म्हणाला, "तुमचंच छापील आहे, तेवढं मला पुरे." म्हणून आज याज्ञिकाने आचमन सांगितले, आणि संकल्पापूर्वी श्वास घेतला, तेवढ्यात मी म्हटले, "बाळंभटांचा घसा मोकळा व्हावा म्हणून मी एक सुरुवात करून देतो." आणि कन्यादानाचा संकल्प घातला.

बा.ने तो उचलला. देशकाल, गोत्र, पितरांचा उद्धार, आणि स्वतःच्या अपत्यहीन घरातली सालंकृत कन्या त्याने ओटीवर बसल्या बसल्या वराला देऊन टाकली. कन्येच्या नावाच्या जागी पोथीप्रमाणे 'अमुक'. कार्तिक वद्यात.

मग मागून काशीचा आवाज: "अगं बाय! म्हाराजांना लेक कवा झाली गं?"

आणि ओटी हसली. याज्ञिकसुद्धा. गणूसुद्धा. मीही. मी तर पुढे वाढवलेही, "विष्णुपंत, आता एक जावई पाहायला हवा." टोमणा चांगला साधला होता.

मग बा.कडे लक्ष गेले.

तो माझ्याकडे पाहत होता. मी काय केले, लोक कशाला हसले, कोणाला हसले, सगळे त्या नजरेत होते. बैल असा पाहत नाही.

याज्ञिकाने पोथी बांधली. "असा संकल्प मी घेणार नाही." विष्णुपंत जाताना म्हणाला, "भावाची थट्टा केलीत, ती आमच्या लक्षात राहील." पहिल्यानेच त्याचे म्हणणे मला पुरते पटले.

मार्गशीर्ष शु. १२

गेलो. बा.ने भिंतीकडे तोंड केले. वहिनींनी मात्र बसा म्हटले, चहा दिला. त्यामुळे अधिकच...

डॉक्टर म्हणतात, त्याला कळते हे आता पक्के. मग विचारू या. बोलायला नको, मान हलवायला सांगू. मी पुढे होऊन विचारले, "गणूला दत्तक घ्यायचं आहे का?" मान खाली-वर. होय. वहिनी पांढऱ्या पडल्या. डॉक्टरांनी खूण केली, उलटे विचारा. "गणूला घ्यायचं नाही ना?" मान खाली-वर. "तू बाळंभट का?" खाली-वर. "तू गणपतीचा उंदीर का?" खाली-वर, आणि मग रागाने उशीवर डावी मूठ आपटली.

डॉक्टर: "मानही बिघडली आहे. हो म्हणायचं की नाही, ते आत बरोबर ठरतं, बाहेर भलतंच येतं. काहींचं महिन्यांनी सुधारतं, काहींचं नाही."

तर मग त्याच्याकडून काही बाहेर येते त्यातले त्याचे काय, आणि त्या नासलेल्या जागेचे काय?

पौष शु. ९

पौषात मुहूर्त नाहीत म्हणून शांतता. विष्णुपंताने माघातला काढून ठेवला आहे. नवा याज्ञिक. माझे कात्रण मात्र जुनेच चालते. मी पत्राला दुरुस्ती पाठवली. जागेअभावी राहिली, असे उत्तर आले. बुद्धी शाबूत असल्याला जागा होती.

डॉक्टर रोज जातात. पळी, तांब्या, जानवे पुढे ठेवतात, "तांब्या दाखवा" म्हणतात, बा. डाव्या हाताने बरोबर दाखवतो. मग दत्तकाचे असेच दाखव म्हणावे, तर 'गणू हवा' आणि 'नको' यांचे तांबे कुठून आणायचे? एकदा गणूला एका बाजूस बसवून, हवा तर हा दाखव, नको तर दार दाखव, असे करून पाहिले. बा. दोघांकडे पाहून हसला, वाकडे. पूर्वीचा बा. दिसला एकदम.

कवटीचे विचारले का पुन्हा, म्हणून मी डॉक्टरांना टोचले. म्हणाले, "शास्त्रीबुवा, मला ते पाहायचं आहे हे खरं. भटजींनी जगावं हेही खरं. तुम्ही बातमीदार, कोणाच्या घरी आग लागली तर तुम्हाला दोन्ही वाटत नाही का?"

पौष वद्य ४

गणूचे काय ते कळत नाही. सुटीच्या दिवशी नेरळहून येतो, काकाच्या उजव्या पायाला तेल चोळतो, चोळून झाला की तो पाय स्वतःच्या हातांनी उचलून खाली ठेवतो. बापाने शिकवून पाठवले असणार. पण बाप नसतानाही येतो. काशी म्हणते, "पोरगं गुनाचं हाय." वहिनी म्हणतात, "चोळू दे. पायाला काय कळतंय?" आणि त्याच्यासाठी दडपे पोहे करून ठेवतात.

बा. त्याच्याकडे पाहत पडून असतो. माझ्याकडे आता पाहतो. अजून पहिल्यासारखा नाही.

माझी करंगळी बरी आहे. सहाव्या ऋचेचा तिसरा शब्द अजूनही मोजूनच येतो.

माघ शु. ५

आज पुन्हा ओटी भरली. मी साक्षीला नाही, नुसता बसलो. विष्णुपंताने मला लांब बसवले आणि शेजारी पाळतीला माणूस बसवला, मी तोंड उघडले तर म्हणून. वकील आला होता. संकल्प पुरा झाला की झाले, हे सगळ्यांना माहीत. वहिनी या वेळी दाराआड नव्हत्या, उंबऱ्यात उभ्या.

नव्या याज्ञिकाने सुरुवात करून दिली.

बा.चे ओठ हलले, पहिले दोन शब्द आले, आणि त्याचा डावा हात वर आला. आधी वाटले नाक पुसतो. हात तोंडावर बसला. घट्ट. गालात बोटे रुतली. याज्ञिक पुढे म्हणत राहिला आणि बा.चे ओठ हाताआड चालूच होते, दिसत होते ते; गळ्यातून हुंकार येत होता, स्वरांच्या चढउतारांसकट. आतून ते वाहत होते आणि तो बाहेरून दाबून धरीत होता. मानेच्या शिरा वर आल्या.

"उमासा आलाय," विष्णुपंत ओरडला. "पाणी आणा!"

"उमासा नाही," वहिनी म्हणाल्या. "नको म्हणतायत."

वकील याज्ञिकाकडे, याज्ञिक वकिलाकडे. मला वाटले, माझ्यामुळे. पुन्हा चारचौघांत हसे नको म्हणून. मग गणू नको की हसे नको? कोपऱ्यात बसलेल्या डॉक्टरांकडे पाहिले. त्यांनी हात पसरले.

गणू पाटावरून उठला. बापाने बस म्हटले तरी बसला नाही. बा.च्या समोर येऊन उकिडवा बसला, आणि आपला हात पुढे केला.

"काका, मंत्र राहू दे. मी पाहिजे असेन तर हात धरा. नको असेन तर नका धरू. मी रागावणार नाही, तेल लावायला येईनच."

याज्ञिक मात्र अर्ध्यावर थांबायचे नाही म्हणून हलक्या आवाजात म्हणतच होता.

बा.ने गणूच्या हाताकडे पाहिले. वहिनींकडे पाहिले. पुन्हा हाताकडे. धरायचा तर एकच हात आहे, आणि तो काढला तर तोंड सुटते.

"अहो, थांबा ना जरा!" मी लांबून याज्ञिकावर ओरडलो. तो दचकून थांबला. पण बा.च्या गळ्यातला हुंकार थांबला नाही. त्याला आता कोणाच्या सुरुवातीची गरज नव्हती.

हात तोंडावरच होता. करंगळी तेवढी सुटी झाली, गणूच्या बाजूला, आणि थरथरत राहिली.

"धरली! धरायला बघतोय!" विष्णुपंत.

वहिनी करंगळीकडे बघत राहिल्या. गणूने आपला हात मागे घेतला नाही, पुढेही नेला नाही.